तिसऱ्या हातातला लेदर सूट: ट्रॅकवर घालावा की नाही?

पार्श्वभूमी

ओंकार (नाव बदललं आहे) सव्वीस वर्षांचा, शिरोली एमआयडीसीत सीएनसी मशीनवर कामाला. गाडी ३९० सीसीची, हात चांगला. पन्हाळा, आंबा घाट, गगनबावडा हे रविवारचे ठरलेले रस्ते. घाटात जेवढी गाडी झोपवायची नाही तेवढी तो झोपवायचा, म्हणून आमच्या ग्रुपातल्या थोरल्यांनीच त्याच्या मागे लागून चेन्नईच्या रेसिंग ट्रॅकवरच्या दोन दिवसांच्या रायडिंग स्कूलमध्ये नाव घालायला लावलं. हा ट्रॅक इरुंगट्टुकोट्टईला आहे, ३.७ किलोमीटरचा, १९९० पासून चालू. कोल्हापूरवरून जाणारा पुणे-बेंगळुरू हायवे पुढे थेट त्याच्या दारावरूनच जातो, तेव्हा रस्ता चुकायची भीती नव्हती. प्रश्न होता कपड्यांचा.

शाळेची अट नेहमीचीच: अखंड लेदर सूट, किंवा टू-पीस असेल तर कमरेभोवती पूर्ण चेनने जोडलेला, वेगळा बॅक प्रोटेक्टर (पाठीच्या कण्याचं कवच), मनगट झाकणारे ग्लोव्हज, घोट्याच्या वर जाणारे बूट, फुल-फेस हेल्मेट. सूट सोडून सगळं त्याच्याकडे होतं. नव्या देशी सूटची चौकशी केली तर भाव पंचेचाळीस हजारांच्या पुढे. मग पुण्यातल्या एका रायडरने विकायला काढलेला परदेशी बनावटीचा वन-पीस त्याला दिसला. सांगितलेली किंमत बावीस हजार. घरी विषय निघाल्यावर वडिलांनी विचारलं, "बावीस हजारात नुसतं कातडं? आणि म्हैस कुठाय?"

ओंकारने एक गोष्ट शहाणपणाची केली. पाच हजार आगाऊ देताना "आठ दिवस वापरून न बघता तपासून बघणार, पटलं नाही तर परत" असं मेसेजवर लिहून घेतलं. विकणाराही सरळ माणूस निघाला. सूट त्यानेही जुनाच घेतला होता, आधीच्या मालकाने त्यात काय केलं ते आपल्याला माहीत नाही, हे त्याने स्वतःहून सांगितलं. म्हणजे सूट तिसऱ्या हातात येणार होता आणि पहिल्या हाताचा इतिहास कोरा होता.

अडचण

सूट आला तेव्हा दिसायला झकास होता. काळं-पांढरं चामडं, पाठीवर हम्प (मानेखालचा उंचवटा), गुडघ्याला स्लायडर (वळणावर डांबराला टेकणारी प्लास्टिकची वाटी). डाव्या कुल्ल्यावर आणि डाव्या कोपरावर घासल्याच्या खुणा होत्या, पण त्यावर रंग मारून झाकाझाक केली होती. ग्रुपातल्या दोघांनी तिथल्या तिथे निकाल दिला: "एकदा पडलेला सूट आहे, पण चामडं फाटलं नाही, म्हणजे चांगलाच आहे की!"

मला हा तर्क पटत नाही. चामड्याचा पत्रा एकसंध असेल तर तो सहसा टिकतो. सूट उसवतो तो शिवणीवर. ताशी शंभरला गाडी खालून निसटली तर चामड्यातला माणूस डांबरावर साधारण चार सेकंद घसरतो, पन्नास-साठ मीटर. घर्षणांक ०.७ धरून हा हिशोब कुणीही करून बघावा. दीडशेला तोच आकडा सहा सेकंद आणि सव्वाशे मीटरच्या आसपास जातो. ओंकारची गाडी त्या ट्रॅकच्या सरळ पट्ट्यात दीडशेच्या जवळ जाणार होती. व्यावसायिक सूटसाठी असलेल्या ईएन १३५९५ या जुन्या युरोपीय मानकात कुल्ला, गुडघा, कोपर या जागी घासणीच्या यंत्रावर पहिल्या पातळीला चार सेकंद आणि दुसऱ्या पातळीला सात सेकंद टिकण्याची अट होती, आणि शिवण फुटायला किती जोर लागतो याची वेगळी चाचणी होती. शिवणीला स्वतंत्र चाचणी ठेवावी लागते, यातच सगळं आलं.

दुसरी गुंतागुंत लेबलची. आत सीईचं चिन्ह, म्हणजे युरोपीय मानकाची खूण, होती, गाडीवरच्या माणसाचं चित्र होतं, त्यावर ओंकार खूश. नीट वाचलं तर ते लेबल ईएन १६२१-१ चं, म्हणजे फक्त खांदे-कोपर-गुडघ्यांच्या आर्मरचं, म्हणजे धक्का झेलणाऱ्या आतल्या पॅडचं होतं. युरोपात मोटरसायकलच्या अख्ख्या कपड्याला संरक्षक साधन म्हणून प्रमाणपत्र सक्तीचं झालं ते एप्रिल २०१८ पासून, आणि आता दिसणाऱ्या ए, डबल ए, ट्रिपल ए या श्रेणी २०२० च्या ईएन १७०९२ च्या. हा सूट त्याआधीचा. त्याच्या चामड्याबद्दल आणि शिवणीबद्दल ते लेबल एक अक्षरही बोलत नव्हतं. जुना सूट घेताना सीई कशावर आहे हे न वाचणारे माझ्या ओळखीत अजूनही खूप आहेत.

तपासणी

एका रविवारी उद्यमनगरात मित्राच्या वर्कशॉपमध्ये टेबलावर कागद अंथरून सूट उलटा केला. बाहेरची बाजू विकणाऱ्याने साफ केलेली असते, त्यामुळे सुरुवात अस्तरापासून. अस्तराला बुरशीचा वास होता. पावसाळ्यात प्लास्टिकच्या कव्हरात बंद करून ठेवला की हे होणारच. अस्तर धुता येतं. बुरशी चामड्यात उतरली का हे बघायचं होतं, ती उतरली नव्हती.

चामडं: बगलेत, गुडघ्यामागे आणि कॉलरच्या घडीत चिमटीत धरून वरची बाजू बाहेर राहील असं दुमडलं. वाळलेल्या चामड्यात अशा वेळी बारीक भेगांचं जाळं उघडतं आणि आतला फिकट रंग दिसतो. तसं काही झालं नाही. आतल्या पट्टीवर, रंग नसलेल्या जागी पाण्याचा थेंब टाकला. तो झटक्यात शोषला गेला, म्हणजे तेल कमी झालेलं, पण लेदर क्रीमने भागण्याइतपत. जाडी मोजायला डायल गेज होताच. अंगावरच्या चांगल्या भागात १.३ मिलिमीटर, म्हणजे गाईच्या चामड्याच्या रेसिंग सूटला शोभेल अशी. कुल्ल्यावरच्या घासलेल्या भागात अस्तरातून कॅलिपर घालून मोजली तर ०.९. कांगारूच्या चामड्याचे सूट साधारण याच जाडीचे असतात, पण कांगारूच्या चामड्याचा धागाच वेगळा, त्याची ताकद जाडीच्या मानाने बरीच जास्त. घासून ०.९ झालेलं गाईचं चामडं म्हणजे वरचा सगळ्यात घट्ट थर गेलेलं चामडं.

आर्मर: कोपराचे ठीक. गुडघ्याचे खिशातून काढताना हाताला पिवळसर भुगा लागला. पॉलियुरेथेनचा फेस दमट हवेत वर्षानुवर्षं राहिला की आतून सुटतो. कपाटात पडून राहिलेल्या जुन्या बुटांचा तळवा एका दिवशी अचानक गळून पडतो ना, तेच. हे बदलता येतं, फार महाग नाही. पाठीच्या खिशात बॅक प्रोटेक्टरच्या जागी साधा स्पंज होता. जुन्याच काय, काही नव्या सूटांतही हेच असतं. पाठीच्या खऱ्या प्रोटेक्टरला ईएन १६२१-२ प्रमाणे आदळल्यावर पलीकडे सरासरी १८ किलोन्यूटनपेक्षा जास्त जोर जाऊ द्यायचा नसतो, दुसऱ्या पातळीला ९. स्पंज म्हणजे जागा भरायचं सामान. ओंकारकडे वेगळा प्रोटेक्टर होता, पण तो आत घातल्यावर सूट बसतो का हे बघायला हवं होतं.

चेन, मनगटाची वेल्क्रो, स्ट्रेच पॅनेल यांत वेळ घालवला नाही. मांडीतलं पॅनेल जरा फिकं पडलं होतं एवढंच.

राहिली शिवण. दोन्ही अंगठे शिवणीच्या दोन बाजूंना ठेवून ओढायचं आणि फटीत बघायचं. मुळात कारखान्याच्या शिवणीत आत एक लपलेली ओळ आणि वर दोन ओळी होत्या, टाका साधारण साडेतीन मिलिमीटरचा, सगळीकडे सारखा. डाव्या कुल्ल्याच्या शिवणीत मात्र वीतभर पट्टा वेगळा दिसला: दोरा जाड, मळकट, टाके अगदी जवळजवळ, आणि आतली लपलेली ओळ नाहीच. कुणीतरी पडल्यानंतर शिवून घेतलं होतं.

ही शिवण घेऊन आम्ही सुभाषनगरात ओळखीच्या चप्पल कारागीर मामांकडे गेलो. मामांनी चष्मा कपाळावर सारला, शिवण बोटाने चाचपली, आरीचं टोक दोन टाक्यांच्या मधे ठेवलं.

"कुणी शिवलंय हे?"

"माहीत नाही मामा. तुम्हीच बघा."

"टाकं लई जवळ घातल्यात. शिवलं म्हणायचं आणि नुसती भोकं पाडल्यात. वढ बसली की कागदागत फाटतंय बघा. दोरा सुताचा हाय, त्यो बी कुजाय लागलाय."

आम्हाला जे संशयाने वाटत होतं ते त्यांनी अर्ध्या मिनिटात सांगितलं. जाड दोरा आणि दाट टाका म्हणजे मजबुती, हा समज कापडात चालतो. चामड्यात सुईचं भोक बुजत नाही.

समोर असलेले पर्याय

चेन्नईला जायला साडेतीन आठवडे होते.

आहे तसा घालणं आम्ही तिथेच खोडलं. ओंकारची इच्छा होती, "स्क्रुटिनीत पास झाला तर?" पण स्क्रुटिनीत, म्हणजे ट्रॅकवर सोडण्याआधीच्या तपासणीत, मार्शल सूट अखंड आहे का, चेन लागते का, मोठं भोक नाही ना, इतकंच बघू शकतो. सकाळच्या घाईत अस्तर उलटून कोण बघतंय?

दुसरा पर्याय, खराब शिवण उसवून योग्य दोऱ्याने पुन्हा शिवणं. स्वस्त, गावात होणारं.

तिसरा, कुल्ल्याचं अख्खं पॅनेल काढून नवं बसवणं. दुरुस्ती म्हणून हीच खरी. अडचण सामानाची. कोल्हापुरात चामड्याला तोटा नाही, पण चपलेचं चामडं बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेलं, जाड आणि ताठ. सूटला लागतं क्रोमने कमावलेलं, मऊ, उष्णता जास्त सोसणारं, सव्वा मिलिमीटरच्या आसपासचं. ते धारावीहून किंवा तामिळनाडूतल्या आंबूर-वाणियंबाडीकडून मागवावं लागलं असतं, आणि तीन थरांत शिवणारं मशीन व हात दोन्ही शोधावे लागले असते.

चौथा, सूट परत करून शाळेकडूनच भाड्याने घेणं. पाचवा, नवा घेणं किंवा बॅच पुढे ढकलणं. बॅच ढकलायला ओंकार तयार नव्हता, आणि नव्यासाठी पैसे नव्हते.

काय केलं

विकणाऱ्याला फोटो पाठवून विचारलं, शिवण उसवून बघितली तर परतीची अट कायम राहील का? त्याने "उसवा, शिवा, पण कापू नका" असं लिहून दिलं. वस्तू अजून आपली झालेली नसताना तिला सुई लावायची तर हे आधी ठरवणं भाग होतं.

मग दुसरा पर्याय घेतला. मामांनी सुती दोरा काढला, बॉन्डेड नायलॉनचा (पीळ सुटू नये म्हणून लेप दिलेला) दोरा आम्ही आणून दिला, आणि त्यांनी दोन सुयांनी, जुन्या भोकांतली एक आड एक सोडत हाताने शिवलं. काम इतकं स्वच्छ की बाहेरून ओळखू येईना. पैसे घेताना मात्र मामा म्हणाले, "दोरा माझा न्हाई तुटायचा. कातड्याचं मी सांगत न्हाई."

पुढची पायरी फिटिंगची. उभं राहून आरशात सूट बघण्याला काही अर्थ नाही. रेसिंग सूट उभ्या माणसाला पाठीत वाकवतोच. वर्कशॉपमध्ये गाडी पॅडॉक स्टँडवर (चाक उचलून गाडी उभी धरणारा स्टँड) चढवली. ओंकारने आत बॅक प्रोटेक्टर घातला, सूट चढवला, आणि ट्रॅकवर करतात तसं डावीकडे-उजवीकडे सीटवरून अर्धं अंग बाहेर काढून गुडघा उघडायला लागला. आमच्यातला एक मागचं चाक आणि एक हँडल धरून. अर्धा तास हे चाललं. बघणाऱ्यांना करमणूक होती, त्याला घाम फुटला.

दोन गोष्टी समोर आल्या. पहिली, गुडघ्याचा कप. उभा असताना बरोबर वाटीवर बसलेला कप, गुडघा बाहेर काढला की चार बोटं बाहेरच्या अंगाला सरकत होता. पहिल्या मालकाचे पाय लांब असावेत. सूट त्याच्या अंगाचा आकार घेऊन बसला होता. पडताना आर्मर जागेवर नसेल तर तो कितव्या पातळीचा आहे याने फरक पडत नाही.

दुसरी, कुल्ला. सूट काढून शिवण उलटी केली तर मामांचा दोरा जसाच्या तसा होता. त्याच्या शेजारची, रिकामी सोडलेली तीन भोकं एकमेकांत मिसळून एक चीर झाली होती. करंगळीचं नख जाईल एवढी. रस्ता नाही, वेग नाही, नुसतं स्टँडवर बसून.

त्यानंतर चर्चा फारशी झाली नाही. ओंकारने स्वतःच सूट घडी घालून खोक्यात भरला.

निष्पत्ती

विकणाऱ्याने आगाऊ रक्कम परत दिली, पाठवणीचा खर्च ओंकारने सोसला. मामांच्या कामाचे चौदाशे आणि दोऱ्याचे पैसे गेले.

चेन्नईला त्याने भाड्याचा सूट घेतला, आणि वर्कशॉपमध्ये शिकलेलं तिथे वापरलं. दिलेला पहिला सूट त्याने परत केला, कारण गुडघ्याचा आर्मर खिशात उलटा घातलेला होता आणि घोट्याची चेन अर्ध्यात अडकत होती. दुसरा मापाने जरा घट्ट होता, तोच घेतला. दोन दिवस न पडता काढले. म्हणजे भाड्याचा सूट परतवलेल्यापेक्षा किती चांगला होता, याचा पुरावा आमच्याकडे नाही, आणि असावा अशी कुणाची इच्छाही नव्हती.

परत आल्यावर त्याने पैसे साठवून मापाने शिवलेला देशी सूट मागवला. गाडीवर बसलेल्या स्थितीतली मापं द्या, असा त्याचा आग्रह बघून शिवणाऱ्यानेच विचारलं म्हणे, आधी किती सूट घेतलेत?

वेगळं काय करता आलं असतं

क्रम. आम्ही चामडं, आर्मर, शिवण, दुरुस्ती आणि मग फिटिंग असे गेलो. स्टँडवरची अर्ध्या तासाची चाचणी पहिल्याच दिवशी घेतली असती तर सरकणारा गुडघ्याचा कप तेव्हाच दिसला असता. शिवण सुधारता येते, आर्मर बदलता येतो, दुसऱ्याच्या पायाच्या लांबीचा सूट आपला करता येत नाही. मामांकडे जायची वेळच आली नसती, आणि आठ दिवसांपैकी सहा खर्ची पडले नसते.

फोटो मागवताना ओंकारने बाहेरचे दहा मागवले, आतला एकही नाही. डाव्या कुल्ल्याची शिवण अस्तराच्या बाजूने, एका नाण्याशेजारी ठेवून काढलेला फोटो मागितला असता तर टाका किती दाट आहे हे पुण्यातच कळलं असतं. रंग मारलेल्या जागेचा फोटो तिरप्या उजेडात मागावा, घासलेला भाग चमकत नाही.

एका मुद्द्यावर ग्रुपात अजून एकमत नाही. आमच्यातल्या एकाचं म्हणणं, पॅनेल बदलायला हवं होतं. महिनाभर थांबून धारावीहून चामडं आणलं असतं तर उत्तम सूट झाला असता. सूट ओंकारच्या मापाचा असता तर मीही त्याच्या बाजूने बोललो असतो. जुनी भोकं असलेली पट्टीच कापून टाकली की मामांनी सांगितलेली अडचण उरत नाही, शेजारच्या पॅनेलची मूळ भोकं तेवढी सांभाळून वापरावी लागतात. पण विकणाऱ्याने "कापू नका" म्हटलं होतं, म्हणजे त्यासाठी आधी पूर्ण बावीस हजार मोजून सूट विकत घ्यावा लागला असता, आणि शिवणाऱ्याचा हात कसा आहे हे नंतर कळलं असतं.

तो सूट नंतर पुन्हा विक्रीला लागला. या वेळी किंमत अकरा हजार होती, उसवलेल्या शिवणीचा आतला फोटो पहिलाच टाकला होता, आणि खाली लिहिलं होतं: पॅनेल बदलल्याशिवाय ट्रॅकसाठी नाही.